वडिलांच्या रकान्यात मारलेली रेघ: अमेरिकेतले ब्लॅक वडील आणि फॅमिली थेरपी

रानजाई

नमस्कार मंडळी. मी दोन वर्षांपासून फिलाडेल्फियात फॅमिली थेरपीचं मास्टर्स करतेय, सध्या वेस्ट फिलीतल्या एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये इंटर्न आहे. येणारी बहुतेक कुटुंबं ब्लॅक. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय, घरी फोनवर बोलले तर आई म्हणते तू तुझा अभ्यास बघ, म्हणून इथे लिहिते.

एक नऊ वर्षांचा मुलगा येतो, शाळेत मारामाऱ्या करतो म्हणून पाठवलेला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बरोबर आई, कधी आजी. इनटेक फॉर्मवर (पहिल्या भेटीत भरतात तो) वडिलांच्या रकान्यात माझ्या आधीच्या कुणीतरी नुसती रेघ मारलेली. चार सेशन आम्ही त्या रेघेवर विश्वास ठेवून काढली. पाचव्या वेळी मी सहज म्हटलं, केस किती सुरेख कापलेत रे, कुणी कापले? "माय डॅडी. एव्हरी सॅटर्डे." आई म्हणाली हो, तो दोन मैलांवर राहतो, शनिवारी याला घेऊन जातो, आजारी पडला की रात्री येऊन बसतो. मी विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, तुम्ही लोकांनी विचारलं कुठे. फॉर्मवर होतं 'घरात कोण कोण राहतं'.

मला त्या रात्री झोप लागली नाही. जीनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांचा नकाशा, काढताना वडिलांचा चौकोन मीच काढला होता आणि त्याच्या आणि मुलाच्या मधली रेषा मीच तुटक दाखवली होती.

मग वाचायला लागले. १९६५ मध्ये लेबर खात्यातल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी निग्रो कुटुंबावर (तेव्हाचा शब्द) एक अहवाल लिहिला. गुलामगिरी, बेकारी, शहरातली गरिबी हे सगळं त्यात आहे, पण लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं की बाईच्या हातात घर आहे, बाप नाही, आणि म्हणून समाज आजारी आहे. त्याच काळात फॅमिली थेरपी हे शास्त्र उभं राहत होतं. साल्वादोर मिनुचिन आणि त्यांचे सहकारी न्यूयॉर्कच्या विल्टविक शाळेतल्या मुलांच्या घरच्यांबरोबर काम करत होते, मुलं मुख्यतः ब्लॅक आणि पोर्टो रिकन, त्यावरचं पुस्तक १९६७ चं. मिनुचिन मला फार आवडतात, गरिबांना थेरपी झेपत नाही असं मानणाऱ्या काळात ते थेट त्यांच्यात गेले. तरी त्या खोलीत बाप कमीच दिसतो.

तर प्रश्न असा की संशोधनाने ज्याला 'गैरहजर बाप' म्हटलं तो गैरहजर होता की मोजणाऱ्याने पत्ता मोजला आणि माणूस सोडला? अमेरिकेत शिक्षक, सोशल वर्कर, डॉक्टर म्हणून काम केलेलं कुणी असेल तर अनुभव लिहा. आणि भारतात समुपदेशन करणाऱ्यांनीही.

सडेतोड

धागा चांगला आहे पण भावनेच्या भरात आकडे विसरू नका. काळ्यांमध्ये आज साधारण ७० टक्के मुलं लग्नाबाहेर जन्मतात. मॉयनिहानच्या वेळी हे प्रमाण पाव हिस्सा होतं आणि तेव्हाच त्याने घंटा वाजवली होती. शनिवारी केस कापले म्हणजे बापपण झालं का? मूल रोज घरी येतं, रोज जेवतं, रोज घाबरतं.

मीनल_ओहायो

सडेतोड, आधी एक विनंती. 'काळ्यांमध्ये' नको ना. ते स्वतःला ब्लॅक म्हणवतात, आपणही तेच लिहू या. मराठीत 'काळा' म्हटलं की त्यात आपल्या घरातलं लग्नाच्या बाजारातलं सगळं येतं.

सडेतोड

मान्य. पुढे ब्लॅक लिहीन. मुद्दा तोच आहे.

रानजाई

सडेतोड, ७० चा आकडा बरोबर आहे, पण तो आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं एवढंच सांगतो. बाप कुठे होता ते सांगत नाही. प्रिन्स्टन आणि कोलंबिया विद्यापीठांनी १९९८ ते २००० मध्ये मोठ्या शहरांत जन्मलेल्या जवळपास ४९०० मुलांचा अभ्यास सुरू केला, त्यात मुद्दाम अविवाहित आईबाप जास्त घेतले. बाळाच्या जन्माच्या वेळी त्या अविवाहित जोडप्यांतली दहातली आठ एकमेकांसोबत होती, निम्मी तर एका घरात राहत होती. म्हणजे 'पोर झालं आणि पळाला' हे चित्र बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दिवसालाच खोटं ठरतं.

आणि रोज म्हणालात म्हणून. सरकारी आरोग्य आकडेवारी केंद्राचा डिसेंबर २०१३ चा अहवाल आहे, २००६ ते २०१० च्या मुलाखतींवरून. पाच वर्षांखालच्या मुलांसोबत एका घरात राहणाऱ्या वडिलांना विचारलं की आंघोळ, डायपर, कपडे हे तुम्ही रोज करता का. ब्लॅक वडील ७० टक्के हो म्हणाले, गोरे ६०, हिस्पॅनिक ४५. रोज मुलांसोबत जेवणारे ब्लॅक ७८, गोरे ७४.

खारीबिस्किट

हे ७० टक्के डायपरवालं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून लेकीला आंघोळ घालायला गेलाय. रानजाई, असेच आकडे देत जा गं :)

सडेतोड

तो अहवाल मीही पाहिलाय. बापांनी स्वतः सांगितलेलं आहे ते, आणि तुम्ही दिलेले आकडे एका घरात राहणाऱ्यांचे. वेगळे राहणाऱ्यांचे आकडे बरेच खाली येतात, ते का नाही सांगितले?

रानजाई

बरोबर, ते सांगायला हवं होतं. वेगळं राहणाऱ्या वडिलांचा रोजचा सहभाग सगळ्याच गटांत खूप कमी आहे. आणि आधी लिहिलेल्या अभ्यासात मुलं पाच वर्षांची होईपर्यंत त्या अविवाहित जोडप्यांपैकी साधारण एक तृतीयांशच एकत्र उरली होती. हे दुखतं आणि ते लपवून काही साधणार नाही.

बाल्टिमोरकर

मी बाल्टिमोरच्या एका सरकारी शाळेत अकरा वर्षं गणित शिकवतोय. वर्गातली जवळजवळ सगळी मुलं ब्लॅक. पहिल्या वर्षी मीही घरी फोन लावायचा म्हणजे आईलाच लावायचो, रजिस्टरला तोच नंबर वरती असतो. मग एकदा एका मुलीची वही तपासताना पानाच्या कडेला वेगळ्या अक्षरात पूर्णांक-अपूर्णांक सोडवून दाखवलेले दिसले, फार नीट, पायरीपायरीने. विचारलं तर म्हणाली डॅड फोनवर सांगतो आणि मी लिहिते, कधी व्हिजिटला गेले की तो स्वतः लिहून देतो. तो तुरुंगात होता. तिथून तो मुलीचं गणित घेत होता. मी त्याला पत्र पाठवलं, पुढच्या महिन्यात काय शिकवणार ते लिहून. त्याचं उत्तर आलं ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दोन पानं, त्यातलं दीड पान भागाकारावर.

आता याला कोणत्या रकान्यात घालणार? घरात राहत नाही, पगार नाही, लग्न नाही.

सगळे असे असतात असं मी म्हणत नाही. सहा वर्षांत एकदाही तोंड न दाखवलेले बापही माहीत आहेत. पण ते मी विचारल्यावर कळलं, आधीच धरून चाललो नव्हतो (पहिलं वर्ष सोडून).

गोदाकाठ

हे वाचून आठवलं. १८६५ नंतर, गुलामगिरी संपल्यावर, मुक्त झालेल्या माणसांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या, 'माहिती हवी आहे' अशा मथळ्याच्या. माझी बायको अमक्या मालकाने तमक्याला विकली, मुलांची नावं अशी अशी, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. ख्रिश्चन रेकॉर्डर नावाच्या चर्चच्या पत्रात अशा कितीतरी छापल्या गेल्या आणि चर्चमधून मोठ्याने वाचल्या जात. वीस वीस वर्षं झाल्यावरही लोक शोधत होते. व्हिलानोव्हा विद्यापीठाने त्या गोळा करून ऑनलाइन ठेवल्यात. मी एका रात्री वाचत बसलो आणि पहाट झाली. ज्या समाजात बापाला लिलावात मुलापासून तोडलं आणि तो पायी चालत शोधायला निघाला, त्याच समाजाच्या बापाबद्दल 'यांना कुटुंबाची ओढ नाही' असं शंभर वर्षांनी कुणी बोललं तर राग येतो.

आपल्याशी नातं म्हणाल तर जोतिरावांनी १८७३ साली गुलामगिरी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना ते दिसलं होतं.

चाकरमान्याची_लेक

मी थेरपीतलं काही शिकलेली नाही पण रेघेवरून लिहावंसं वाटलं. आमचे बाबा परळच्या गिरणीत होते, आम्ही कणकवलीजवळच्या गावात. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला, कधी मे महिन्यात आठ दिवस. 'बाबा इले' म्हणून आम्ही एसटीपर्यंत धावायचो. बाकी वर्षभर बाबा म्हणजे मनिऑर्डर आणि तिच्या खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी. सगळ्या वाडीत हेच. आईने शेती केली, आजारपणं काढली, सगळं केलं. पण शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या रकान्यात कुणी रेघ मारली नाही. आम्हाला कुणी बिनबापाची म्हटलं नाही. ८२ च्या संपानंतर पैसे यायचे बंद झाले तेव्हाही बाबा बाबाच राहिले. रानजाईचं वाचताना वाटलं, त्या मुलाचे वडील तर दर शनिवारी भेटतात.

खारीबिस्किट

ताई, चिटोऱ्यावरच्या दोन ओळी वाचून डोळे भरले.

नंदिनी७८

चाकरमान्याची_लेक, खूप आतून लिहिलंय तुम्ही. तरी मला थोडं वेगळं म्हणायचंय, दोघी-तिघांना उद्देशून.

एक तर कोकणातल्या बापाची आणि त्यांची तुलना अर्ध्यापर्यंतच जाते. तुमच्या बाबांच्या मागे लग्न होतं, घर होतं, भावकी होती, वाडी होती. पैसे बंद झाले म्हणून सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं नाही. पोलिसांनी रस्त्यात अडवून झडती घेतली नाही. ब्लॅक बापाच्या बाबतीत कायद्यानेच माणसाला घराबाहेर काढलं होतं. अलाबामासारख्या राज्यांत नियम होता की आईच्या घरी पुरुष येत-जात असेल तर मुलांची सरकारी मदत बंद, तो मुलांचा बाप असो नसो. लुइझियानात १९६० मध्ये मुलं लग्नाबाहेरची म्हणून २३ हजार मुलांची मदत तोडली होती. मदत खात्याची माणसं मध्यरात्री दार वाजवून पलंगाखाली पुरुषाचे बूट आहेत का बघायचे. अलाबामाचा तो नियम सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये रद्द केला. म्हणजे मॉयनिहानचा अहवाल आला तेव्हा हे चालू होतं. आईने फॉर्मवर बापाचं नाव न लिहिणं ही तिथे पिढ्यांची सवय आहे, मुलांच्या पोटासाठी लागलेली. रानजाई, तुझ्या त्या रेघेमागे हेही असू शकतं बघ.

आणि दुसरं, आईला विसरू नका. बापाचा शनिवार आपल्याला दिसला, आईचे सोमवार ते शुक्रवार कुणाला दिसले? मी शिकागोत बारा वर्षं हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर होते. बापाला आत आणायच्या उत्साहात आईवर 'तू त्याला भेटू देत नाहीस' असा ठपका येतो, त्याला गेटकीपिंग म्हणतात. कधी ते खरं असतं. कधी तिने मार खाल्लेला असतो आणि ती दार बंद करते ते बरोबर करते. फोन लावण्याआधी तिला एकटीला विचार, त्याला बोलावलेलं चालेल का आणि कशामुळे नको.

रानजाई

नंदिनीताई, बुटांचं वाचून अंगावर काटा आला. आईला एकटीला विचारायचं, हे लिहून ठेवलंय.

विलास_अटलांटा

मी वकिलाकडे पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) आहे, फॅमिली कोर्टातल्या केसेस. चाइल्ड सपोर्टवर, म्हणजे वेगळ्या राहणाऱ्या बापाने मुलासाठी द्यायच्या पैशांवर, कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बाप तुरुंगात गेला की देणं थांबत नाही, चढत जातं. १९८६ चा कायदा आहे की एकदा थकलेली रक्कम न्यायाधीश मागे जाऊन कमी करू शकत नाही. कितीतरी राज्यं तुरुंगवास म्हणजे 'स्वतःहून सोडलेली नोकरी' धरायची, ते बंद करायचा फेडरल नियम २०१६ च्या डिसेंबरात आला. सुटून येतो तेव्हा डोक्यावर हजारो डॉलर. लायसन्स जप्त होऊ शकतं, मग गाडीशिवाय नोकरी कशी करणार? आणि आईने सरकारी मदत घेतली असेल तर बापाने भरलेल्या पैशातला बराचसा भाग सरकार स्वतःची भरपाई म्हणून ठेवतं, मुलाच्या हातात येत नाही. म्हणून बरेच जण कोर्टाला चुकवून डायपरचा खोका, बूट, दूध असं थेट नेऊन देतात. ते कुठल्याच नोंदीत नाही. कागदावर तो 'डेडबीट' (पैसे बुडवणारा बाप), घरात तो बूट घेऊन येणारा.

एक क्लायंट मला म्हणाला होता, पोरगी रांगायला लागली ते मी बघितलं नाही कारण त्या पत्त्यावर गेलो तर वॉरंट बजावतील. एवढंच बोलला आणि टोपी काढून हातात धरून बसला.

सडेतोड

विलासभाऊ, हे मला खरंच माहीत नव्हतं. पैसे मुलाला मिळत नाहीत हे वाचून चक्रावलो. तरी बाप जवळ असण्याने फरक पडतो यावर मी ठाम आहे.

पुणेरी_समुपदेशक

सडेतोड, फरक पडतोच, आणि त्याला पुरावाही आहे, फक्त तो तुम्हाला वाटतो तसा नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास बघा, जवळपास २ कोटी मुलांची माहिती. ब्लॅक आणि गोऱ्या मुलग्यांच्या मोठेपणीच्या कमाईतली दरी कुठे कमी होते हे शोधताना त्यांना जी थोडी ठिकाणं सापडली तिथे गरिबी कमी, गोऱ्यांमध्ये वंशद्वेष कमी, आणि वस्तीत ब्लॅक वडील जास्त. वस्तीत! त्या मुलाच्या स्वतःच्या घरात बाप आहे की नाही यापेक्षा आजूबाजूला बाप आहेत का याने जास्त फरक पडला. शेजारचा काका, कोच, मित्राचा बाप. आपण आळीत असेच वाढलो, दुसऱ्याच्या बापाचा धाक आपल्यालाही असायचा.

धाग्याच्या प्रश्नाकडे येतो. मी पुण्यात पंचवीस वर्षं कुटुंबांसोबत काम करतोय, मिनुचिन यांच्या पद्धतीवरच शिकलो. त्यांचं मला भावलेलं काम नंतरचं आहे, फिलाडेल्फियातलं, रानजाई तुझ्याच गावातलं. त्यांनी आणि जे हेली या थेरपिस्टांनी वस्तीतल्या पदवी नसलेल्या माणसांना थेरपिस्ट म्हणून तयार केलं. का, तर त्यांना दार वाजवायला कुणी शिकवावं लागत नाही. पुढे रटगर्सच्या नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांनी १९८९ मध्ये ब्लॅक कुटुंबांच्या थेरपीवर पुस्तक लिहिलं, स्वतः ब्लॅक, त्यात हेच की रक्ताचा नसलेला मामा, चर्चमधला पाद्री, आजी, जो मूल सांभाळतो तो कुटुंब. आणि क्लायंटला आपला संशय येतो तो आजार नाही, ज्या सिफिलिस झालेल्या ब्लॅक पुरुषांना टस्कीगीच्या सरकारी प्रयोगात १९३२ पासून १९७२ पर्यंत उपचार न देता नुसतं बघत बसले त्यांनी पांढऱ्या कोटावर विश्वास का ठेवावा? त्यांच्यात म्हण आहे, घरातलं रस्त्यावर नेऊ नये. आपण वेशीवर टांगू नये म्हणतो.

आणि व्यवहारातलं सांगू? वडील का येत नाहीत याचं माझ्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे माझी वेळ. सकाळी अकराची अपॉइंटमेंट. रिक्षावाला, एमआयडीसीतला कामगार कसा येईल? मी गुरुवारी रात्री साडेआठला बसायला लागलो आणि चिठ्ठी वडिलांच्या नावाने पाठवायला लागलो. निम्मे तरी यायला लागले.

बाल्टिमोरकर

केस कापण्यावरून सुरू झालं म्हणून. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये लॉरेन्झो लुईस यांनी द कन्फेस प्रोजेक्ट सुरू केला, न्हाव्यांना मनाच्या दुखण्याबद्दल ऐकायला शिकवतात. ते स्वतः तुरुंगातल्या आईच्या पोटी जन्मलेले. ब्लॅक पुरुष क्लिनिकची पायरी चढत नाही पण खुर्चीत अर्धा तास मान खाली घालून बसतो आणि बोलतो. माझ्या शाळेजवळच्या दुकानात शनिवारी गेलात तर बाप-लेकांची रांग दिसेल.

पावसाळी

आमच्या गावच्या सलूनमध्ये पण सगळ्यांची गुपितं असतात, फक्त तिथे ट्रेनिंग उलटं हवं, ऐकायचं आणि पुढच्याला न सांगायचं :)

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, परीक्षा होती.

नंदिनीताईंनी सांगितलं तसं आईला एकटीला विचारलं. मारहाण वगैरे काही नव्हतं, तिच्या मनात राग होता तो पैशांचा आणि एका वाढदिवसाला तो आला नाही त्याचा. विचार करते म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिनेच नंबर दिला. पुण्याच्या काकांचं ऐकून सुपरवायझरकडून संध्याकाळी साडेसातची वेळ मागून घेतली. तो वेअरहाउसमध्ये रात्रपाळीला असतो, दहाला शिफ्ट. मी फोनवर म्हटलं मी तुमच्या मुलाची थेरपिस्ट, तर पहिला प्रश्न "व्हॉट डिड आय डू?" मी म्हटलं काही नाही, तुमच्या मुलाला तुम्ही सगळ्यात जास्त ओळखता असं वाटतं म्हणून मदत मागतेय. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, पोरगा जन्मल्यापासून शाळा, डॉक्टर, कुणीच मला असा फोन केलेला नाही.

तो आला. दहा मिनिटं आधी, कामाच्या जॅकेटमध्ये. दारापाशीच उभा राहिला, कुठे बसायचं कळेना. आम्ही खोलीत तीनच खुर्च्या मांडल्या होत्या. मी चौथी आणायला गेले तोवर मुलगा त्याच्या मांडीवर जाऊन बसला होता, नऊ वर्षांचा घोडा, पाय जमिनीला टेकलेले. आई त्यांच्याकडे न बघता बोलत होती पण बोलत होती. मारामाऱ्यांचं कारण तासाच्या शेवटी वडिलांकडून कळलं, बसमध्ये एक मोठा मुलगा त्याला त्रास देतो. हे त्याने शनिवारी केस कापताना सांगितलं होतं. आम्हाला पाच सेशनमध्ये सांगितलं नव्हतं.

सडेतोड, त्या आईला तुमच्यासारखंच वाटतं, फक्त शनिवार पुरत नाही. तिने ते त्याच्या तोंडावर सांगितलं आणि तो हो म्हणाला. बुधवारी शाळेतून आणायचं त्याने घेतलंय, बघू.

मी क्लिनिकच्या मीटिंगमध्ये फॉर्म बदलायचं म्हटलंय. 'घरात कोण राहतं' याच्या खाली 'या मुलाला कोण कोण सांभाळतं' अशी ओळ. डायरेक्टर म्हणाल्या नमुना लिहून आण. कुणाला त्यात अजून काय विचारायला हवं असं सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.

चाकरमान्याची_लेक

विचार, पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू म्हणून. वडिलांचा वेगळा पत्ता लिहायला जागा ठेव. आमच्या प्रगतिपुस्तकावर ती नव्हती. आई ते पाकिटात घालून परळला पाठवायची आणि बाबा सही करून परत पाठवायचे, तोवर पुढची चाचणी आलेली असायची.

सडेतोड

रात्रपाळी असेल तर कोणत्या वेळी फोन केलेला चालेल तेही विचारा. माझे वडील रेल्वेत होते, दिवसा झोपायचे. शाळेतून कुणी आलं की आम्ही सांगायचो बाबा घरी नाहीत.

रानजाई

दोन्ही घेतले. सडेतोड, तुमचा तर शब्दशः लिहिते.